अंबरपेठेतले सात उंबरठे

खरं तर मी हंपीला जाणार होते. रजा मंजूर झाली होती, बॅग अर्धी भरली होती, आणि टोरांटोहून मंदारचा फोन आला. मंदार म्हणजे माझ्या वसुधामावशीचा एकुलता एक मुलगा. इकडचं तिकडचं न बोलता त्यानं थेट विचारलं, "ताई, हंपीऐवजी हैदराबादला जाशील का?"

मावशी शहात्तर वर्षांची. काका गेल्यापासून हैदराबादला अंबरपेठेत एकटी राहते. वाढत्या वयातल्या तब्येतीचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन संस्थेची माणसं दर काही वर्षांनी तिच्याकडे येतात, वजन-उंची घेतात, ढीगभर प्रश्न विचारतात. या वेळची त्यांची फेरी येत्या मंगळवारी होती. मंदारनं पुण्यात ज्येष्ठांसाठीच्या एका संकुलात खोली पाहून ठेवली होती आणि महिनाअखेरीस हो की नाही ते कळवायचं होतं. मी चार दिवस राहावं, मावशीला नीट बघावं, तपासणीच्या वेळी घरात असावं आणि त्याला खरं काय ते सांगावं, एवढंच त्याचं म्हणणं. "तू म्हणशील तसं करू," तो म्हणाला. एका माणसाचं घर हलवायचं की नाही हे मी ठरवायचं, या कल्पनेनं मला घाबरायला हवं होतं. मला उलट थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून निघणारी शताब्दी पकडली. जाणार असाल तर हीच गाडी घ्या: चेअर कारचं तिकीट हजाराच्या थोडं वर, चहा-नाश्ता जागेवर येतो आणि दुपारी अडीचच्या आत तुम्ही सिकंदराबादला असता. डिसेंबरचा शेवट होता. दौंड सोडल्यावर धुकं इतकं दाट झालं की भिगवणच्या बाजूला पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. कधी डोळा लागत होता, कधी जाग येत होती. सोलापूर गेलं, कलबुर्गी गेलं, पाट्यांवरची अक्षरं हळूहळू गोल होत गेली. विकाराबादच्या टेकड्यांपाशी मी पूर्ण जागी झाले तेव्हा शेजारच्या बाई घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलत होत्या, आणि एक शब्द कळत नसूनही मी बराच वेळ ऐकत राहिले.

सिकंदराबाद ते अंबरपेठ रिक्षानं. अॅपवर जो आकडा दिसेल तोच द्या, स्टेशनबाहेर घासाघीस करण्यात अर्थ नाही. मावशीची गल्ली मुख्य रस्त्यापासून दोन वळणं आत आहे. खाली किराणा, पिको-फॉल, इडलीची गाडी, आणि वरच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी. मावशी दारातच उभी होती. आधीपेक्षा बारीक दिसली. मूळची ती पुण्याची, पण चोपन्न वर्षांत हैदराबादनं तिची भाषा पार मुरवून टाकली आहे. "किती उशीर करायलीस मनू, खट्टी दाळ चार वेळा गरम केली," असं तिनं माझं स्वागत केलं. दाळ, ज्वारीची भाकरी, अंबाडीची चटणी. मी जेवत असताना ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते ते मात्र वेगळ्या नजरेनं. पाणी देताना हात थरथरतो का, गोळ्या वेळेवर घेते का, तीच गोष्ट दोनदा सांगते का. मनातल्या मनात मी मंदारसाठी नोंदी करत होते.

पहिली ठळक नोंद रविवारी पहाटेच झाली. अजून उजाडलं नव्हतं. मला झाडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर मावशी पाटावर बसून दारात रांगोळी काढत होती. हे दिवस संक्रांतीच्या आधीचे, तेलंगणात या महिन्यात दारोदार मोठाल्या रांगोळ्या असतात. इथे त्याला मुग्गू म्हणतात. आधी ठिपके मांडायचे, मग एकच रेघ त्या ठिपक्यांना वळसे घालत नेऊन सुरुवातीपाशी आणून मिटवायची. मावशीचा गुडघा दुखत होता. दोन ठिपके, मग थांबायचं, मग पुन्हा दोन. अर्धा तास गेला. समोरच्या, शेजारच्या दारांतूनही बायका ओणव्या झालेल्या दिसत होत्या, सगळ्या पन्नाशी-साठीच्या पुढच्या, शालींत गुरफटलेल्या. दिव्यांच्या उजेडात पांढरी पूड तेवढी दिसत होती, हात नीट दिसत नव्हते. दृश्य इतकं सुंदर होतं की मी फोटो काढले. आणि मनात म्हटलं, या वयात ही हौस गुडघ्याला परवडणारी नाही.

त्या दिवशी आम्ही फिरायला गेलो. बसमध्ये मावशीनं आधार कार्ड दाखवलं आणि तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं, कारण तेलंगणातल्या बायकांना साध्या बसमध्ये पैसे पडत नाहीत. मला पडले. "तू परदेशी ना," म्हणत ती खिडकीशी बसली आणि काचिगुडा, कोटी येईपर्यंत प्रत्येक वळणावर आधी काय होतं ते सांगत राहिली. आबिड्सला रविवारी दुकानं बंद असतात आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे तिनं गणिताची दोन जुनी पाठ्यपुस्तकं उलटीपालटी करून परत ठेवली. तीस वर्षं ती शाळेत गणित शिकवत होती. मग अफझलगंजला मुसी नदीच्या काठावरचं ग्रंथालय, त्याची उंच पांढरी इमारत. आत जायचा विचार होता, पण मावशी बाहेरच्या कट्ट्यावर टेकली आणि उठेना. ऊन कोवळं होतं, कबुतरं उठत-बसत होती. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दहा मिनिटं झोपली. मीही हलले नाही. रस्त्यावरचे हॉर्न कुठून तरी लांबून आल्यासारखे वाटत होते, आणि शेजारी माझी आईच बसली आहे असं मला काही क्षण खरंच वाटलं.

घरी येईपर्यंत ती थकून गेली. रक्तातली साखर कमी करायची तिची रोजची गोळी घेतली, दोन घास दहीभात खाल्ला आणि झोपली. एवढंच खाल्लं, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय होऊ शकतो, तो विचार मनाला शिवला नाही.

सोमवारी मला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात धुकं बघायचं होतं. पाचला उठले. मावशी गाढ झोपलेली. म्हटलं, आज तिच्या गुडघ्याला सुट्टी देऊ. अंगण झाडलं, सडा टाकला, तिचा रांगोळीचा डबा काढला आणि आपल्या पुण्याच्या पद्धतीनं, ठिपकेबिपके न मांडता, चाळणीनं रंग पसरून एक मोठं गोल कमळ काढलं. चांगलं जमलं होतं. आत जाऊन तिच्या कानाशी हळूच सांगितलं की रांगोळी मी काढली आहे, तू निवांत झोप. तिनं डोळे न उघडता "हौ" म्हटलं. मी दार ओढून घेतलं आणि सहाच्या आत बाहेर पडले.

विद्यापीठाच्या त्या सकाळबद्दल मी चार परिच्छेद लिहू शकले असते. जुन्या झाडांखालचे रस्ते, धुक्यातून आधी पावलांचा आवाज आणि मग माणूस येतो ते, आणि कला महाविद्यालयाची दगडी कमान, जी समोर असूनही बराच वेळ दिसतच नाही आणि मग एकदम सगळी दिसते. मी तिथे तासभर होते. फार आनंदात होते. जरूर जा, पहाटेच जा, सोबत चहा न्या.

पावणेआठला परतले तर मावशीचं दार सताड उघडं. आत पाच-सहा बायका. मावशी खुर्चीत, केस कपाळाला चिकटलेले, हातात साखरेच्या पाण्याचा पेला, आणि तो पेला तिच्या ओठांना लावून धरणारी इडलीच्या गाडीवरची यादम्मा. 

झालं होतं ते असं. मावशीला साडेसहाला जाग आली. घाम फुटला होता, हातपाय लटपटत होते. साखर खाली गेली आहे हे तिला कळलं. स्वयंपाकघरापर्यंत ती पोचली आणि तिथे जमिनीवरच बसली, पुन्हा उठता येईना. फोन खोलीत राहिला होता. हाक मारली, पण आवाज दारापर्यंत पोचण्याइतका निघेना. सव्वासातला यादम्मानं कुलूप उघडून तिला बघितलं, तोवर ती तशीच होती.

यादम्माकडे मावशीच्या घराची किल्ली असते हे मला माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं. लॉकडाऊनच्या वर्षी मागच्या गल्लीत एक एकटी बाई दोन दिवस घरात पडून होती आणि कुणाला पत्ता लागला नाही. त्यानंतर या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या सात जणींनी ठरवलं. रोज साडेसहाच्या आत प्रत्येकीच्या दारात रांगोळी दिसलीच पाहिजे. सण असो नसो. अंगात बळ नसेल तर चार ठिपके पुरेत. नसेल दिसली तर दार वाजवायचं, उघडलं नाही तर किल्ली लावायची. एकीची किल्ली दुसरीकडे. कुणाला साखर, कुणाला दमा, कुणाच्या गोळ्या कुठल्या डब्यात, बस्ती दवाखान्यात, म्हणजे वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात, कुणाची तारीख कधी, हे सगळं सगळ्या जणींना पाठ. आणि एकच नियम कडक: दुसरीच्या दारात रांगोळी काढायची नाही.

यादम्मा सव्वासहाला आमच्या दारावरून गेली. रांगोळी दिसली, ती पुढे गेली. गाडी लावली, पहिला घाणा उतरवला. मग तिच्या मनाला काहीतरी लागून राहिलं. ती मला हे सांगत होती तेव्हा रागावलेली नव्हती, आणि तेच मला सोसेना.

"मुग्गू तो था," ती म्हणाली. "मगर ठिपके नै थे. अम्मा का हाथ नै था वो."

गाडी तशीच सोडून ती धावत आली होती. इडलीपात्राखालचा गॅस शेजारच्या फुलवाल्यानं बंद केला. मी नसते तर साडेसहाला दारात काहीच दिसलं नसतं आणि ती तेव्हाच आत आली असती. मी राहायला आले होते, म्हणून मावशी पाऊण तास जमिनीवर बसून राहिली.

बायका गेल्यावर मी मावशीच्या पायाशी बसले आणि रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती. किती भीती वाटली असेल, असं मी विचारलं. 

"भीती अशी नाही गं. आधी वाटलं, आता यादम्मा येईल. मग तू काढून गेलीस ते आठवलं. म्हटलं, आज कुणी यायचं नाही."

सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिते. रडून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो मंदारला फोन करून खोली पक्की कर म्हणायचा. पुण्यातल्या त्या संकुलात बेल असते, नर्स असते. मी फोन हातात घेतलासुद्धा. मावशीनं तो बघितला. ती उठून चहाचं आधण ठेवायला गेली, आणि पाठमोरी असताना तिचे खांदे मला फार लहान दिसले. मी फोन खाली ठेवला. दुपारी यादम्मा तिला बस्ती दवाखान्यात घेऊन गेली, मीही मागे मागे गेले. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि रात्री पोटभर खाल्ल्याशिवाय ती घ्यायची नाही असं दोघींना दरडावून सांगितलं. माझ्याकडे बघून सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

मंगळवारी दहा वाजता श्रावणी आली. संशोधन संस्थेची पाहणी करणारी, पस्तिशीची, मागच्या फेरीलाही तीच आली होती. पाठीवर मोठी सॅक, हातात टॅब. मावशी इस्त्रीची साडी नेसून, केस नीट बांधून तयार होती. तिच्या लेखी ही परीक्षा होती. आदल्या आठवड्यात तिची मैत्रीण सरोजा हिच्याकडे हीच तपासणी झाली होती, आणि सरोजाला जे दहा शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते ते मावशीनं फोनवर लिहून घेऊन घोकून ठेवले होते. पेपर फोडला होता म्हणायचं. जन्मभर कॉपी करणाऱ्यांना बाकावर उभं करणाऱ्या बाईनं. तिला निघालेले शब्द अर्थातच वेगळे होते. मावशीनं सरोजाचे दहाच्या दहा बिनचूक म्हटले आणि स्वतःचे चार. श्रावणी टॅबकडे बघत ओठ दाबून हसू आवरत होती.

मला तिनं आतल्या खोलीत बसायला सांगितलं, कारण घरचं माणूस समोर असलं की म्हातारी माणसं त्याच्याकडे बघून उत्तर देतात. पण दार उघडं होतं. मुठीची ताकद मोजली, चालण्याचा वेग मोजला. मग प्रश्न. आंघोळ स्वतः करता? पैशांचे व्यवहार कोण बघतं? आणि मग, अलीकडे कधी पडलात, चक्कर येऊन बसलात?

आतून मला मावशीचा चेहरा दिसत होता. तिनं माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. नाही म्हणाली असती तर मी तिला अजिबात दोष दिला नसता. तिचं घर, तिची गल्ली, सगळं त्या एका उत्तरावर अडलं आहे असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटायला मीच कारण होते.

"हौ. काल सकाळी," ती म्हणाली. "लिहा."

श्रावणीनं पुढचा प्रश्न वाचला. अडचणीत मदतीला कोण येतं? जोडीदार, मुलगा, मुलगी, नातेवाईक, पगारी माणूस, इतर. मावशी नावं सांगत गेली. यादम्मा. समोरची रझिया. कोपऱ्यावरची लक्ष्मी. ती थांबेचना. श्रावणीनं 'इतर'वर खूण केली, पण तिचं समाधान झालं नाही. मावशीनं तिला रांगोळ्यांचं सांगितल्यावर ती टॅब मांडीवर ठेवून ऐकत राहिली, आणि मग स्वतः उठून गल्लीत जाऊन सातही दारं बघून आली. परत येऊन म्हणाली की या गोष्टीसाठी तिच्याकडे रकाना नाही, पण शेवटी शेरा लिहायला जागा असते. बराच वेळ ती टाइप करत होती.

जाताना मावशीनं विचारलंच, मी पास झाले का. श्रावणीनं तिचा हात हातात घेऊन समजावलं की इथे कुणाला मार्क मिळत नाहीत. हजारो घरांतली उत्तरं एकत्र केली की दवाखाना कुठे हवा, काय कमी पडतं, एकटी माणसं कशाच्या आधारानं राहतात हे कळतं, एवढ्यासाठीच ती दारोदार फिरते. मावशीनं मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

बुधवारी माझी गाडी दुपारची होती. यादम्मानं सकाळी डब्यात सकिनालू आणून दिले, तांदळाच्या पिठाचे तीळ घातलेले कुरकुरीत वळसे, संक्रांतीला इथे घरोघर तळतात. माझ्या बॅगेत ते बसवताना मावशी खाली बघत म्हणाली, "मला चल म्हणालीस तर मी येईन, मनू. मंदारला घोर नको. फक्त तिथे सकाळी उठून मी काय करू, तेवढं सांग."

 मी तिला मिठी मारली आणि कुठेही जायचं नाही असं सांगितलं. ती मग रडली, चार दिवसांत पहिल्यांदाच.

गाडीत मी सगळा वेळ खिडकीशी बसून होते. काय दिसलं ते आठवत नाही. पुण्याला पोचून झोपले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदारला फोन लावला. काहीही न गाळता सांगितलं, माझ्या कमळासकट. खोली नको म्हणून कळव, असंही सांगितलं.  मग त्यानं त्या सहा जणींची नावं आणि फोन नंबर मागितले आणि एकेक करून लिहून घेतले. यादम्माचं नाव त्यानं दोनदा विचारलं. आईच्या फोनवर ते नाव वर्षानुवर्षं ऐकत आलो, म्हणाला, पण मला वाटायचं ती कामवाली आहे.

मी हसले. तोही हसला. आणि मग अगदी सहज, काळजीनंच, त्यानं विचारलं, "आणि ताई, तुझ्या मजल्यावर कोण कोण राहतं गं?"

मी पंचावन्न वर्षांची आहे, या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं एकटी राहते. उजवीकडच्यांकडे कुत्रा आहे. समोरच्यांच्या चपला बाहेर असतात. मी मंदारला म्हटलं थांब, फोन तसाच हातात घेऊन दार उघडलं, आणि समोरच्या दारावरची पाटी वाचून त्याला आडनाव सांगितलं.